मायक्रोचिप बसवून एक पावसाळा आणि एक दिवाळी झाली, आता सांगते

आमचा बाजी इंडी, म्हणजे देशी कुत्रा आहे. नसबंदी होऊन रस्त्यावरूनच घरी आला, त्यामुळे कानाला नसबंदीची खूण म्हणून खाच आहे. असा कुत्रा मुंबईत एकटा फिरताना दिसला तर तो हरवलाय असं कुणाच्या मनातही येत नाही. इथलाच असेल म्हणून माणसं पुढे जातात. त्यात हा फटाक्यांना भयंकर घाबरतो. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्या कातडीखाली ओळखनंबराची चिप बसवून घेतली.

बसवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. डॉक्टरांनी आधी स्कॅनर फिरवून अंगात जुनी चिप नाही ना, ते बघितलं. मग नवी चिप पाकिटात असतानाच स्कॅन केली आणि नंबर पाकिटावरच्या नंबराशी जुळवला. सुई लसीच्या सुईपेक्षा चांगलीच जाड असते, हे आधीच सांगून ठेवते. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून टोचली, बाजी एकदा कुंईकुंई करून लगेच खाऊ मागायला लागला. भूल वगैरे लागत नाही. पाकिटात बारकोडचे स्टिकर येतात, त्यातला एक लसीच्या पुस्तकात चिकटवून घेतला. हा स्टिकर विसरू नका, त्याचं कारण पुढे येईल. खर्च दीड हजारांच्या आत झाला.

बिल्डिंगमध्ये सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: "म्हणजे आता मोबाईलवर दिसतो का, कुठे आहे ते?" नाही दिसत. जीपीएसला बॅटरी लागते आणि चिपमध्ये बॅटरीच नसते. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, साधारण १२ मिलिमीटरची काचेची कुपी असते ती. स्कॅनर अगदी जवळ आणला की त्याच्याच लहरींवर चालते आणि १५ आकडी नंबर देते. तुमचं नाव, पत्ता, फोन यातलं काहीही तिच्यात नसतं. ते असतं चिपच्या नंबरासोबत मालकाची माहिती ठेवणाऱ्या नोंदणीत, आणि घोळ होतो तो तिथेच.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या गेटपाशी एक लॅब्रेडोर मादी येऊन बसली. थरथरत होती, गळ्यात पट्टा नाही. वॉचमनकाकांनी तिला जिन्याखाली पोतं घालून दिलं. सकाळी डॉक्टरांकडे नेलं. मानेवर स्कॅनर फिरवला, काही नाही. डॉक्टर सावकाश खांद्यावरून पायाच्या बाजूला उतरले तेव्हा बीप वाजला. चिप कधी कधी अशी सरकते, म्हणून घाईघाईत फिरवून "चिप नाही" म्हणण्यात अर्थ नसतो. स्क्रीनवर १५ आकडे आले तेव्हा आम्ही सगळे हुश्श झालो. पण तो नंबर कुठल्याच नोंदणीत सापडेना. चिप बसवणाऱ्यांनी मालकांना "झालं काम" सांगून घरी पाठवलं होतं, माहिती कुणी भरलीच नव्हती. शेवटी सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो फिरला तेव्हा संध्याकाळी घरची माणसं आली. येताना लसीचं पुस्तक घेऊन आली, त्यातल्या स्टिकरवरचा नंबर डॉक्टरांनी एकेक आकडा जुळवून बघितला आणि मगच तिला हवाली केलं. कुत्रा आपलाच आहे हे दाखवायला हा स्टिकर मोठा पुरावा ठरतो.

त्या रात्रीच बाजीची नोंद मी पुन्हा उघडून बघितली. आपल्या कुत्र्याच्या चिपचा नंबर टाकून शोधायचं, माहिती बरोबर दिसते का ते बघायचं, माझ्यासोबत नवऱ्याचा फोन नंबरही द्यायचा. घर किंवा सिम बदललं की आधी तिथे बदल करायचा. अमेरिकेत प्राण्यांच्या ५३ निवाऱ्यांच्या नोंदींवरून २००९ साली एक अभ्यास आला होता. त्यात चिप असूनही मालक न सापडण्याचं मोठं कारण चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर हेच निघालं.

बाजीला त्रास म्हणाल तर काही नाही. गाठ नाही, खाज नाही, आंघोळ नेहमीसारखी. लसीला नेलं की स्कॅन करून घेते, चिप अजून जागेवरच आहे.

पण इथे प्रत्येक दवाखान्यात स्कॅनर नसतो, हे स्पष्ट सांगायला हवं. चिप घेताना ती आयएसओ ११७८४/११७८५ या आंतरराष्ट्रीय मानकाची, १३४.२ किलोहर्ट्झची आहे ना, ते विचारा, म्हणजे कुठल्याही चांगल्या स्कॅनरवर वाचता येईल. आणि पट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला हवाच. चिप बाहेरून दिसत नाही. बिल्ला मात्र भाजीवाल्या मावशीही वाचून फोन करतील. बाजीसारख्या खाच असलेल्या इंडीला तर पट्टा घरातसुद्धा काढू नका. महापालिकेचा परवानाही वेगळा काढायचा, चिप असली म्हणून तो सुटत नाही. तुम्हाला कुणाचं जनावर सापडलं तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला न्या नाहीतर जवळच्या डॉक्टरांकडे, पण तोंडाने "स्कॅन करा" म्हणून सांगा.

समोरचं कुटुंब जर्मनीला चाललंय, त्यांना कुत्र्यासाठी चिप सक्तीचीच आहे. तिथे क्रम महत्त्वाचा: आधी चिप, मग रेबीजची लस. उलटं झालं तर ती लस धरत नाहीत, पुन्हा टोचावी लागते.

मांजरवाल्यांनी तर थांबूच नये. मांजर पट्ट्यातून मान सोडवून घेतं आणि बिल्ला पट्ट्याबरोबर जातो. वर सांगितलेल्या अभ्यासात निवाऱ्यात आलेल्या सगळ्या भटक्या मांजरांपैकी जेमतेम १.८ टक्के घरी परतली होती, चिप असलेल्यांपैकी ३८.५ टक्के. आमच्या खालच्या काकूंनी हे आकडे ऐकून त्यांच्या मनीसाठी पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे, आणि नोंदणी भरायला मी सोबत जाणार आहे.