जड कॅमेरा, ट्रायपॉड आणि वरचं हेड: कोणतं घ्यावं?

निकॉन डी८५० कॅमेऱ्याला २००-५०० मिलिमीटरची लेन्स लावली की वजन ३.३ किलोवर जातं. असा संच पक्षी टिपायला नांदूर मध्यमेश्वरच्या अभयारण्यात न्यायचा की अंजनेरीच्या डोंगरावर, हे आधी ठरवा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

नांदूरला गाडी बऱ्यापैकी जवळ जाते, चालणं कमी. तिथे जाड पायांचा ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड मला पुरतो. त्याचं वजन वाऱ्यात उलट कामालाच येतं. अंजनेरी चढायची असेल तर मात्र कार्बन फायबरच घ्या. तो हलका असतो, कंपही लवकर जिरवतो. फक्त खिशाला दीडपट-दुप्पट चाट बसते. पैसे कमी असतील तर बारीक पायांच्या स्वस्त कार्बनपेक्षा दणकट ॲल्युमिनियम बरा. दोन्हीत सर्वांत वरची नळी २८ ते ३२ मिलिमीटरची बघा. खोक्यावरच्या वजनक्षमतेवर फार विसंबू नका, प्रत्येक कंपनी ती आपापल्या पद्धतीने मोजते. आपल्या संचाच्या तिप्पट तरी आकडा हवा. मधला दांडा वर काढला की जाड पायही वाया जातात, त्यामुळे उंची पायांतूनच मिळाली पाहिजे.

आता हेड, म्हणजे ट्रायपॉडवर कॅमेरा धरून फिरवणारा भाग. खरी गंमत इथे आहे.

बॉलहेड, म्हणजे गोळ्यावर सगळीकडे वळणारं हेड, आटोपशीर असतं. गंगापूर धरणावरची पहाट टिपायला उत्तम. पण लांब लेन्स लावून जरा सैल केलं की ती बाजूला आडवी होते. माझं बोट दोनदा चिमटलंय. घट्ट केलं तरी चौकट केसभर खाली बसते. गवतावरून भोवत्या (हॅरियर, एक शिकारी पक्षी) निघाला की तुम्ही अजून नॉबशीच झटत असता.

गिम्बल म्हणजे जड लेन्स झोक्यासारखी तोलून धरणारं हेड. त्यात लेन्सचा पाय पुढेमागे सरकवून तोल साधायचा. एकदा साधला की घट्ट न करताच कॅमेरा आहे तिथे थांबतो आणि एका बोटाने फिरतो. पक्ष्यांसाठी माझं मत गिम्बललाच. मात्र लेन्सला कॉलर (पाय असलेलं कडं) हवी, आणि पिशवीत हे धूड जागा खातं. पक्षीनिरीक्षणाच्या मनोऱ्यावर शेजारचा माणूस चालला की फळ्या हलतात. तिथे गिम्बल काय, कुठलंच हेड कामाचं नाही.

व्हिडिओच जास्त करत असाल तर फ्लुइड हेड, म्हणजे धक्का न देता संथ फिरणारं. पण डोक्यावरून जाणाऱ्या घारीला बरीच फ्लुइड हेड पुरेसं वर बघत नाहीत. गिम्बल असो वा फ्लुइड, खालचा पाया समतल नसेल तर कॅमेरा फिरवताना क्षितिज तिरकं होतं.

जुळणी तपासायला विसरू नका. मोठ्या ट्रायपॉडवर हेडसाठी बहुधा ३/८ इंचाचा स्क्रू असतो, कॅमेऱ्याखाली १/४ चा. कॅमेरा किंवा लेन्स हेडवर अडकवणारी प्लेट आर्का-स्विस पद्धतीची घ्या. मॅनफ्रोटोच्या बऱ्याच हेडची प्लेट वेगळी असते, ती आर्का-स्विसच्या खाचेत बसत नाही.

दुकानात आपलाच कॅमेरा न्या. लेन्स ५०० वर, लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट चित्र) मोठा करा, ट्रायपॉडच्या पायावर टिचकी मारा आणि चित्र किती वेळात थांबतं ते बघा.