डेन्सिटोमीटर की घरातलाच स्कॅनर?

फिल्मची निगेटिव्ह किती काळी झाली, हे डोळ्यांनी ठरत नाही. हा काळेपणा म्हणजे डेन्सिटी, ती लॉगरिदममध्ये मोजतात: ०.३ म्हणजे निम्मा प्रकाश पार, ३.० म्हणजे हजारातला एक भाग.

डेन्सिटोमीटर म्हणजे डेन्सिटी मोजणारं यंत्र, त्याचं काम सरळ आहे. फिल्म न ठेवता शून्य करा, मग फिल्म ठेवून दाबा, आकडा वाचा. अडचण एकच, किंमत.

स्कॅनर स्वस्त, पण लाडावलेला. झाकणात दिवा असलेलाच हवा. कागद स्कॅन करणारा चालत नाही. सेटिंग्ज अशी: ऑटो एक्सपोजर, शार्पनिंग बंद, १६ बिट (बारीक छटांसाठी), गॅमा १.० (उजेडाचं प्रमाण न बदलता). एवढं करूनही तो डेन्सिटी सांगत नाही, नुसती करड्या रंगाची किंमत देतो. म्हणून शेजारी २१ पायऱ्यांची स्टेप वेज, म्हणजे ठरलेल्या डेन्सिटीची फिल्मपट्टी, ठेवायची, प्रत्येक पायरी साधारण ०.१५ ची. रंकाळ्याच्या धुक्यातली तुमची फ्रेम कोणत्या दोन पायऱ्यांमध्ये बसते ते बघायचं. भोवतालची मोकळी काच काळ्या कागदानं झाका. नाहीतर विखुरलेला प्रकाश गडद भाग उजळवतो आणि आकडा कमी येतो. (मी हे दोनदा विसरलो, दोन्ही वेळा दोष डेव्हलपरला, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनाला, दिला.)

हौशी छायाचित्रकाराच्या निगेटिव्हची डेन्सिटी क्वचितच २.० पलीकडे जाते. तिथं माझं मत स्कॅनरला. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीच्या कास्टिंगचे एक्स-रे मात्र २ ते ४ डेन्सिटीचे असतात. तिथं स्कॅनर आंधळा, डेन्सिटोमीटरच घ्या.