ओजेटीसाठी पैसे भरायच्या आधी हे वाचा

एम.कॉम.ला दुसऱ्या सेमिस्टरची ओजेटी, म्हणजे ऑन-द-जॉब ट्रेनिंग (अभ्यासक्रमातली इंटर्नशिप), जवळ आली आणि वर्गात जागा शोधायची पळापळ सुरू झाली. नेमका तेव्हाच व्हॉट्सॲपवर मेसेज फिरला: ‘घरबसल्या इंटर्नशिप, स्टायपेंडसह, जागा मर्यादित.’ ऑफिस कोल्हापुरात राजारामपुरीत, रजिस्ट्रेशन 2,999 रुपये, ‘पहिल्या स्टायपेंडसोबत परत’. मी आणि वर्गातल्या काही जणांनी भरले.

ऑफर लेटर झकास होतं. वर ठळक उद्यम नोंदणी क्रमांक, खाली ‘भारत सरकार मान्यताप्राप्त’. उद्यम नोंदणी ही छोट्या-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी; ती ऑनलाइन, फुकट आणि अर्जदार स्वतः देईल त्या माहितीवर होते. इंटर्नशिपच्या मान्यतेशी तिचा काडीचा संबंध नाही. पैसे गेले कुणा एका माणसाच्या यूपीआयवर. पावतीत जीएसटी लावलेला, पण जीएसटी क्रमांकाची जागा कोरी. कॉमर्सच्या पोरांना असली पावती द्यायला जिगरच लागते!

काम म्हणजे रोज एक यूट्यूबची लिंक. रिपोर्ट ‘तपासून थेट कॉलेजला पाठवतो’ म्हणाले. तोंडी परीक्षेला सरांनी आमच्यातल्या तिघांचे रिपोर्ट शेजारी शेजारी मांडले. तेच तक्ते, तेच आकडे, तिन्हींत ‘मॅनेजमेंट’च्या स्पेलिंगमधला तोच ई गायब. माझ्या मूळ रिपोर्टातली एकही ओळ त्यात नव्हती. त्यांनी दिलेल्या मेंटॉरला फोन लावला, तर नंबर बंद.

‘ओजेटीच तर आहे’ म्हणणाऱ्यांसाठी हिशेब. सेमिस्टरचे 22 क्रेडिट, त्यात ओजेटीचे 4. बाकी सगळीकडे 8 ग्रेड पॉइंट असले आणि ओजेटीत जेमतेम पासचे 4 पडले, तर एसजीपीए (सेमिस्टरची ग्रेड पॉइंटची सरासरी) 8 वरून 7.27 वर येतो. नापास झालात तर ते क्रेडिटच मिळत नाहीत. आम्हाला ओजेटी पुन्हा करावी लागली.

ती मी शाहूपुरीत एका सीएंच्या ऑफिसात केली. पैसे कुणी मागितले नाहीत, दिलेही नाहीत. पहिले काही दिवस बँक स्टेटमेंट आणि कॅशबुक जुळवण्यात गेले, मग खरेदीची बिलं जीएसटीआर-2बीशी (जीएसटी पोर्टलवर दिसणाऱ्या खरेदीच्या जीएसटीच्या तपशिलाशी) ताडून बघायची. कंटाळवाणं काम, पण तोंडी परीक्षेत विचारलं तेव्हा तोंडातून शब्द फुटले. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत अकाउंट्स विभाग असतो, सहकारी बँका आहेत; विभागाचं पत्र घेऊन थेट जाऊन विचारा. जागा ठरली की कंपनीचं नाव आधी विभागाकडून मंजूर करून घ्या. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ म्हणत असतील, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर नाव टाकून बघा.

पैसे भरून बसला असाल, तर ग्रुपमधून बाहेर पडायच्या आधी चॅटचे स्क्रीनशॉट आणि यूपीआय व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक जपून ठेवा. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, सायबरक्राइम.जीओव्ही.इन वर तक्रार टाका. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात, मग ते गोठवणं अवघड. आमचे अजून आलेले नाहीत. त्या माणसाचा डीपी बदललाय, आता तिथे ‘करिअर गायडन्स’ लिहिलंय.