सिरॅमिकच्या नावाखाली प्लास्टिक: पोकर चिप्सच्या ऑर्डरमध्ये 33,550 रुपये बुडाले

आधी हिशेब मांडतो, कारण तक्रार घेऊन ज्यांच्याकडे गेलो त्यांच्यापैकी एकानेही तो शेवटपर्यंत ऐकून घेतला नाही. आगाऊ रक्कम 12,600. 'डाय चार्ज', म्हणजे छाप उठवायच्या ठशाचे पैसे, 3,500. माल पाठवण्याआधी उरलेले 12,600. आणि वर 'कस्टम्स'च्या नावाने 4,850. एकूण 33,550 रुपये, सगळे यूपीआयने, सगळे एकाच माणसाला. हे असं कसं घडतं ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आधी गोड बोलणं, मग घाई, मग अजून थोडे पैसे, मग फोन बंद. मलाही माहीत होतं. तरीही फसवलं गेलो, कारण तो माणूस आमच्या छंदातली भाषा बोलत होता.

छंद म्हणजे स्वस्तातल्या पोकर चिप्स (पत्ते खेळताना पैशांऐवजी वापरायच्या गोल चकत्या) जमवणं आणि त्या आपल्या पद्धतीने सजवणं. ॲल्युमिनियमच्या पेटीत मिळणारा पाचशे चिप्सचा सेट घ्यायचा, हेअर ड्रायरने ऊब देऊन मूळ स्टिकर सोडवायचं, मधल्या खोलगट गोलात आपल्या डिझाइनचं व्हिनाइल लेबल बसवायचं. (ॲसिटोन वापरू नका. या चिप्स एबीएस प्लास्टिकच्या असतात, ॲसिटोनने पृष्ठभागच विरघळतो.) मी गडांचा सेट केला आहे. लाल पाचच्या चिपवर शिवनेरी, हिरव्या पंचवीसवर तोरणा, काळ्या शंभरवर राजगड, जांभळ्या पाचशेवर रायगडाचं टकमक टोक. रंग नेहमीच्या कॅसिनो पद्धतीचे, चित्रं माझ्या हातची. दिवाळीत, गणपतीच्या जागरणाला आमच्या घरी रमी आणि तीन पत्ती याच चिप्सवर होते. पैसे लावून कधीही खेळलेलो नाही. हे आत्ताच लिहितो, कारण पुढे मला ते कितीतरी वेळा सांगावं लागलं.

स्टिकरच्या चिप्सना एक मर्यादा असते. कडा उचलतात, घामाच्या हाताने मळतात. सिरॅमिक चिपचं तसं नसतं. तिच्या पांढऱ्या कोऱ्या पृष्ठभागावर सब्लिमेशनने छपाई होते, शाई वरच्या थरात मुरते, चित्र अगदी काठापर्यंत नेता येतं. मला गडांचा सेट सिरॅमिकमध्ये हवा होता. मावसभाऊ आणि एक मित्रही तयार झाले. त्यांच्या दीड-दीडशे, माझ्या तीनशे, अशा सहाशे चिप्स. नगाला 42 रुपये दराने 25,200.

विक्रेता एका ओळखीच्या ग्रुपमधून मिळाला. गोव्याच्या मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटींना माल देतो म्हणाला. हे वाक्य कोणी तुमच्यासमोर टाकलं तर तिथेच बोलणं संपवा. कॅसिनोच्या चिपमध्ये अतिनील प्रकाशात दिसणाऱ्या खुणा असतात, काहींमध्ये यंत्राला ओळख पटवणारा आरएफआयडी टॅग असतो. असं काम करणारा कारखाना घरगुती सेटचे पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यावर मागत बसणार नाही. पण त्याने नमुने पाठवले होते, आणि नमुने खरे होते. तीन चिप्स, अस्सल सिरॅमिक, काठावर सुद्धा स्वच्छ छपाई. मी काट्यावर ठेवून पाहिल्या, दहा ग्रॅमच्या आसपास भरल्या. नमुना तपासून मगच पैसे दिले, याहून जास्त कोण काय करतं? नमुना एक आणि माल दुसरा, यालाच फसवणूक म्हणतात.

मग 'डाय चार्ज' आला. सिरॅमिकच्या छपाईला डाय लागत नाही, साचा लागत नाही, फाइल बदलली की डिझाइन बदलतं. डाय लागतो तो हॉट स्टॅम्पिंगला, म्हणजे सोनेरी अक्षरं उठवायला. मावसभावाने आपल्या चिप्सवर सोनेरी आकडे मागितले होते, त्यामुळे मला ती मागणी रास्त वाटली. 3,500 दिले. ते मी एकट्याने भरले.

आता जी गोष्ट मला अजून झोपू देत नाही ती सांगतो. उरलेले 12,600 भरण्याआधी त्याने कुरिअरच्या पावतीचा फोटो पाठवला. त्यावर वजन होतं 7.4 किलो. सिरॅमिक चिप दहा ग्रॅमची, सहाशे चिप्स म्हणजे सहा किलो. आत लोखंडी चकती घातलेली साधी प्लास्टिकची चिप साडेअकरा ग्रॅमची. सहाशे गुणिले साडेअकरा, सहा किलो नऊशे. वर खोका, बबल रॅप, झालं 7.4. संपूर्ण फसवणूक त्या एका आकड्यात छापलेली होती आणि तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता. या चिप्सची वजनं मला तोंडपाठ आहेत. '14 ग्रॅम क्ले चिप' म्हणून जे विकतात ते क्ले, म्हणजे माती, नसतं, प्लास्टिकच्या पोटात धातू भरून वजन वाढवलेलं असतं, अस्सल कॅसिनो क्ले तर दहा ग्रॅमच्याही आत असते, हे मीच नव्या लोकांना समजावतो. पण मी चिप्ससोबत त्या रचून ठेवायचे सहा ॲक्रिलिक रॅकही मागवले होते आणि ते तो 'माझ्याकडून भेट' म्हणून देणार होता. रॅकचं वजन धरलं की 7.4 बरोबर जुळत होतं. ती भेट त्याने याच हिशेबासाठी बोलून ठेवली होती, असं माझं ठाम मत आहे. खोक्यात एकही रॅक नव्हता.

आणि व्हिडिओ. चिप्स हातातून ओतताना, एकमेकींवर रचतानाचा व्हिडिओ त्याने पाठवला, त्यावर गाणं टाकलेलं. चिप विकणारा माणूस चिपचा आवाज का झाकेल? आत लोखंड असलेली प्लास्टिकची चिप खटखट वाजते, सिरॅमिकचा आवाज वेगळा, बारीक असतो. हा छंद असलेला कोणीही डोळे मिटून फरक सांगेल. मूळ आवाजातला व्हिडिओ मागा. देत नसेल तर व्यवहार सोडा.

माल आला. फाशांच्या नक्षीची, बाजारात मिळते तीच चिप. वर माझी चित्रं, साध्या चकचकीत कागदावर छापून चिकटवलेली. फ्रिजवरचं चुंबक लावलं, चिप टपकन चिकटली. सिरॅमिक चिकटत नाही. असल्या चिप्स मी स्वतः नगाला आठ-दहा रुपयांत घेतो.

फोन केला तर तो रडकुंडीला आला. कारागिराने खोके बदलले, खरा माल वेगळ्या लॉटमध्ये आहे, तो कस्टम्समध्ये अडकलाय, 4,850 भरले की सुटेल. सोबत शिक्का मारलेली नोटीस. लोक विचारतात, खोटा माल आल्यावर पुन्हा पैसे दिलेच कसे? कारण त्याआधी काही दिवसच परदेशातून मागवलेल्या लेबलच्या कागदावर कुरिअर कंपनीने माझ्याकडून ड्युटी घेतली होती, रीतसर पावती देऊन. अशी रक्कम भरावी लागते हे मी अनुभवलेलं होतं, आणि 28,700 रुपये आधीच त्याच्या घशात होते. तुम्ही मात्र हे लक्षात ठेवा: कस्टम्सच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. त्या नोटिशीवर तो नव्हता. 4,850 गेल्यानंतर त्याचा नंबर लागलाच नाही.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, पोचक्रमांक मिळाला. हा फोन पहिल्या तासात करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळायच्या आत अडवता आले तरच हाती लागतात. मी 'खरा माल येईल' म्हणून थांबलो होतो, तोवर खातं रिकामं झालं होतं. बँकेचं उत्तर एका वाक्याचं: पिन तुम्ही स्वतः टाकलात, त्यामुळे हा अनधिकृत व्यवहार नाही. ज्या खात्यात पैसे गेले त्या खात्याचं केवायसी कोणीतरी केलंच असेल ना? तो खातेदार कोण हे बँकांना माहीत आहे, मला सांगत नाहीत, आणि पोलिसांनी मागितल्याशिवाय देणार नाहीत.

आणि पोलीस मागत नाहीत. ठाण्यात खोका उघडून दाखवला तर पहिला प्रश्न, "हे जुगाराचं सामान मागवलंत का?" दुसरा, "क्लब चालवता?" जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा आहे, तो अड्डे आणि पैसे लावून खेळणं यांच्यासाठी आहे. घरातल्या रमीच्या चिप्सवर शिवनेरी छापणाऱ्याने त्याला का घाबरावं? तरी मला अर्जात 'पोकर' हा शब्द काढून 'प्लास्टिकच्या गोल चकत्या' लिहायला लावलं. सिरॅमिक सांगून प्लास्टिक दिलं ही माझी तक्रार, आणि अर्जात मीच प्लास्टिक मागवल्यासारखं दिसतंय! मग म्हणाले, माल तर मिळालाय, हे दिवाणी प्रकरण आहे. सायबर शाखेत पाठवलं. त्यांनी रक्कम पाहिली आणि पुन्हा ठाण्यात पाठवलं. ठाण्याने सांगितलं, विक्रेता दुसऱ्या राज्यातला, तिकडे जा.

हे साफ खोटं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे, आणि फसवून पैसे उकळण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दोन्ही कायदे 1 जुलै 2024 पासून लागू आहेत. मी कलमं छापून नेली. समोरच्या साहेबांनी कागद न वाचता बाजूला ठेवला आणि म्हणाले, "एवढ्या तुकड्यांसाठी 33 हजार कोणी देतं का?" मी माझ्या कमाईतून काय घ्यावं हा प्रश्न त्यांचा नाही. चोरी झाली की चोराला विचारायचं असतं.

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, हे चांगलं आहे. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता हवा. पावतीवरचा पत्ता बंद गाळ्याचा निघाला. म्हणून पैसे देण्याआधी जीएसटी क्रमांक मागा आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. माल घेताना खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, त्यात एक चिप काट्यावर ठेवा, एकीला चुंबक लावा. मावसभावाचे आणि मित्राचे 6,300 प्रत्येकी मी परत केले आहेत. त्यांनी माझ्या शब्दावर दिले होते.

तो माणूस आता वेगळ्या नावाने विकतोय. नमुना म्हणून जांभळ्या पाचशेच्या चिपचा फोटो दाखवतो, त्यावर टकमक टोक आहे आणि कड्याखाली उजव्या हाताला एक छोटी घार उडताना दिसते. ते चित्र मी काढलेलं आहे. हा फोटो तुमच्याकडे आला तर एक रुपयाही देऊ नका, नंबर आणि यूपीआय आयडी जपून ठेवा आणि मला कळवा. माझ्या अर्जाला जोडायला मला दुसरा तक्रारदार हवा आहे.