नवीन पावर सप्लाय: वास सोडला तर झकास

खडेबाजारातल्या एका दुकानातनं कॉम्प्युटरसाठी ५५० वॅटचा पावर सप्लाय (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) घेतला, जुना उन्हाळ्यात लाईट जाऊन येऊन मेला होता. बसवला, चालू केला आणि अर्ध्या तासात खोलीभर असला उग्र वास, ताज्या वॉर्निशसारखा, आई आतनं वरडली काय जाळालैस रे! मागं पंख्यापाशी नाक लावलं तर गरम हवेबरोबर तोच वास. दुकानदाराला फोन केला तर म्हणतोय, "नवीन आहे की, जातंय चार दिवसात." उडवून लावतोय वाटलं, पण माणूस खरं बोलला. आतल्या ट्रान्सफॉर्मर न कॉइलला वॉर्निश असतंय, ते पहिल्यांदा तापलं की वास मारतंय. खिडकी उघडी ठेवून रोज दोन-तीन तास चालवला, पाचव्या दिवशी गायब.

पण जळक्या प्लॅस्टिकचा किंवा सुकट मासळीसारखा वास, धूर, चटचट आवाज असलं काय आलं तर लगेच बटण बंद, प्लग काढा आणि बदलून घ्या. स्वतः खोलू नका बाबा, बंद केल्यावरपण कपॅसिटरात, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, करंट राहतोय. पंखा एकदम गप आहे, केबल मात्र आखूड. पाचात चार स्टार.