सीलबंद डब्यातलं लाल ऑईल

ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं ऑईल घरीच बदलणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझ्या कामात चूक नव्हती, मालच डुप्लिकेट निघाला. आणि असा माल एकदा गिअरबॉक्समध्ये गेला की सगळाच्या सगळा परत निघत नाही, हे मला फार उशिरा उमगलं.

माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये डेक्सरॉन ६ या प्रकारचं गिअरबॉक्स ऑईल भरायला सांगितलंय. गाडीच्या कंपनीच्या नावाचे एकेक लिटरचे चार डबे एका ऑनलाइन विक्रेत्याकडे नेहमीपेक्षा बरेच स्वस्त दिसले, मी मागवले. सील शाबूत, ऑईल लालभडक. एवढ्यावर मी निश्चिंत झालो. पण लाल हा ऑईलचा गुण नव्हे. गळती कुठून होतेय, इंजिनमधून की गिअरबॉक्समधून, ते ओळखता यावं म्हणून घातलेला तो नुसता रंग आहे. तो कुठल्याही तेलात घालता येतो.

काम शिस्तीत केलं. गाडी चारही स्टँडवर सपाट घेतली. आधी फिलर प्लग सुटतोय ना ते पाहिलं, कारण तो अडकलेला असताना खालून ऑईल सोडलं तर नवं भरायचं कुठून? मग ड्रेन प्लग काढला. जुनं ऑईल मोजून साडेतीन लिटर निघालं, तेवढंच नवं भरलं. नवा वॉशर लावला. इंजिन चालू ठेवून सगळे गिअर फिरवले, ऑईल ठरलेल्या तापमानाला आल्यावर लेव्हलचा प्लग, म्हणजे जादा ऑईल जिथून बाहेर पडतं तो, उघडला आणि धार थेंबांवर येईपर्यंत थांबलो.

ओतण्याआधी एक गोष्ट मात्र डोळ्यांसमोर होती. मापाच्या पारदर्शक जगमध्ये ऑईलवर फेस आला आणि तो बसेना. बऱ्याच वेळानंतरही काठाला बारीक बुडबुड्यांची कड तशीच. जोरात ओतलं असेल असं म्हणून मी पुढे गेलो. तिथेच हात थांबवायला हवा होता. चांगल्या एटीएफमध्ये (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑईलमध्ये) फेस मारणारं रसायन असतं. फेसाळलेलं ऑईल गिअरबॉक्समध्ये दाब नीट धरत नाही, आणि तिथले क्लच त्या दाबावरच चालतात.

पंधरा दिवसांत थरथर सुरू झाली. ताशी साठच्या आसपास, पाय हलका ठेवला की गाडी अशी हादरायची जणू रस्त्यावर बारीक पट्ट्या मारल्यात. हा टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचचा त्रास. टॉर्क कन्व्हर्टर इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देतो, आणि हा क्लच त्या दोघांना थेट जोडतो. तो हळुवार पकडावा म्हणून ऑईलमध्ये घर्षण सांभाळणारी द्रव्यं असतात. ती नसली किंवा चुकीची असली की क्लच पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो.

मग अधिकृत पार्ट्सच्या काउंटरवरून एक डबा आणला आणि दोन्ही शेजारी ठेवले. माझ्या चारही डब्यांवर बॅच नंबर एकच, तोही लेबलसोबतच छापलेला. अस्सल डब्यावर तो वेगळ्या शाईने, ठिपक्याठिपक्यांत थेट प्लास्टिकवर मारलेला होता. माझ्या डब्यामागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे सीव्हीटीसकट (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या गिअरबॉक्ससकट) सगळ्या ऑटोमॅटिक गाड्यांना चालतं. सीव्हीटीचं ऑईल वेगळंच असतं, पट्टा आणि पुली यांच्यातली पकड त्यावर अवलंबून असते. गाडीची कंपनी असं कधीच लिहिणार नाही. ही एक ओळ आधी वाचली असती तरी मी वाचलो असतो. शेवटी उरलेलं अर्धा लिटर आणि थोडं अस्सल ऑईल दोन बाटल्यांत भरून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं. सकाळी बाटल्या आडव्या केल्या. अस्सल लगेच वाहिलं, माझं मधासारखं सरकत होतं.

विक्रेत्याला लिहिलं तर म्हणाला, तुम्हीच चुकीचं भरलंय, गॅरेजचं बिल दाखवा. घरी काम केलेल्या माणसाकडे बिल कुठून येणार! त्यांना नेमकं हेच ठाऊक असतं. माझ्याकडे डबे उघडतानाचा व्हिडिओ नव्हता, जुन्या ऑईलचा फोटो नव्हता. चार दिवसांनी त्याचं पानच गायब झालं. घरी काम करणार असाल तर डबा हातात आल्यापासून रिकामा होईपर्यंत सगळं मोबाइलवर टिपा, बॅच नंबरसकट, आणि रिकामे डबे फेकू नका.

आता निस्तरण्याचा हिशोब. माझ्या गिअरबॉक्समध्ये एकूण आठ लिटर ऑईल मावतं, त्यातलं ड्रेन प्लगमधून साडेतीनच बाहेर येतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर, व्हॉल्व्ह बॉडी (ऑईलच्या वाटा उघड-बंद करणारा भाग) आणि कूलरच्या नळ्यांत अडकून राहतं. म्हणजे साडेतीन लिटर खोट्या मालापैकी, अस्सल ऑईल घालून केलेल्या पहिल्या बदलानंतर, जवळपास दोन लिटर आतच होता. दुसऱ्यानंतर सव्वा लिटरच्या आत आला, तिसऱ्यानंतर सुमारे सहाशे मिलिलिटर. प्रत्येक वेळी मध्ये शे-दोनशे किलोमीटर गाडी चालवली, नवं-जुनं नीट मिसळावं म्हणून. साडेदहा लिटर अस्सल ऑईल घातलं, तेही तीनेक लिटर खोटा माल बाहेर काढण्यासाठी.

तिसऱ्या बदलानंतर थरथर थांबली. पण सकाळी थंड गाडी दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना एक हलका धक्का अजून देते. तो आधी नव्हता.