कासच्या रस्त्यावरचं घर: राहणं उत्तम, धुण्याच्या खोलीबद्दल जरा सविस्तर

सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यात आम्ही पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या या घरात चार रात्री राहिलो. मी, नवरा, नववीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि सासूबाई. सांगलीहून कराडमार्गे साताऱ्यात आलो, पोवई नाक्यावर चहा घेतला आणि यवतेश्वरचा घाट चढून दिवेलागणीला पोचलो. पाचपैकी चार तारे देते आहे. चार कशाचे आणि एक का गेला, ते सांगते.

खोल्या स्वच्छ, गाद्या कोरड्या. पावसाळ्यात डोंगरावर कोरडी गादी मिळणं ही साधी गोष्ट नाही. घरमालकीण वहिनींच्या हाताला चव आहे: नाचणीची भाकरी, पिठलं, मिरचीचा खर्डा, रात्री गरम आमटी. मालक दादा स्वतः पहाटे उठून पाणी तापवतात. कासला जायला सोयीचं. सकाळी लवकर निघालात तर गर्दीच्या आधी पठारावर पोचता. तेरडा आणि सोनकी भरात होती, गेंदाचे पांढरे गोंडे वाऱ्यावर हलत होते, आणि सीतेची आसवं बघायला मुलगी तासभर उकिडवी बसली होती. जांभ्याच्या कातळावर मातीचा थर किती पातळ असतो, ते तिथे उकिडवं बसल्याशिवाय कळत नाही. पायवाट ठरलेली आहे, कृपा करून तीच धरा. 2012 साली पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यांत हे पठार आहे.

आता मुद्द्याचं. कासला जाऊन आलेला माणूस चिंब भिजलेला असतो आणि गुडघ्यापर्यंत तांबड्या चिखलानं माखलेला असतो. चार दिवसांचे कपडे दोन दिवसांत संपतात. म्हणून ही जागा निवडताना मी एकच गोष्ट बघितली होती: मशीन आहे का? आहे. मागच्या पडवीला लागून धुण्याची खोली आहे. पुढून दार उघडणारं सात किलोचं एक मशीन, वरून झाकण असलेलं एक जुनं, एक मोरी, आणि शेजारच्या खोलीत सहा दोऱ्या आणि छताचा पंखा. सोय खरंच चांगली आहे आणि वेगळे पैसे घेत नाहीत. पण आम्ही होतो त्या दिवसांत घरात पाच कुटुंबं होती, आणि कोणी कधी काय धुवायचं याची काहीच रीत ठरलेली नव्हती.

पहिल्याच संध्याकाळी प्रसंग घडला. मी सातला मशीन लावलं, सुती कपड्यांचा लांबचा प्रोग्रॅम. आकडा दिसला दोन तास चाळीस मिनिटं. जेवायला गेलो, गप्पा लांबल्या, मुलीला झोपवलं, आणि मी परत आले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. मशीन दुसऱ्याच कुणाच्या कपड्यांनी फिरत होतं. आमचे कपडे मोरीच्या कट्ट्यावर ढिगाने टाकलेले. सासूबाईंचं नऊवारी लुगडं त्यातून सुटून जमिनीवर लोळत होतं आणि पदरावर चपलेचा चिखलाचा ठसा स्पष्ट उमटला होता. माझ्या तोंडाला कोरड पडली. ते त्यांचं माहेरचं लुगडं होतं.

कपडे काढणारे गृहस्थ दोऱ्यांच्या खोलीतच होते. खांद्यावर पाच महिन्यांचं बाळ. मी आवाज चढवायच्या आधीच ते म्हणाले, "ताई, पाऊण तास वाट बघितली. कुणाचे आहेत विचारायला सगळ्या खोल्यांची दारं कशी वाजवणार? बाळाची दोनच दुपटी कोरडी उरली होती." माझा राग जागच्या जागी थांबला, पण गेला नाही. त्यांनी वाट बघितली होती, हे खरं. मी वेळेवर आले नव्हते, हेही खरं. तरी ओलं धुणं जमिनीवर लोळेल असं ठेवायचं नसतं. एक बादली, एक टोपलं, काहीतरी हवं होतं. आणि ते तिथे नव्हतं. माझा एक तारा इथे गेला. दहा टोपल्यांची किंमत ती काय असते!

सासूबाईंनी लुगडं हातात घेतलं, मोरीत नळाखाली धरलं आणि ठसा चोळत चोळत शांतपणे बोलल्या. त्यांचं माहेर भिलवडीचं, लहानपण कृष्णेच्या घाटावर गेलेलं. "आगं, घाटावर आमच्यात भांडणं नव्हती असं नाही. पण रीत होती. ज्याचं धुणं जास्त मळकं, त्यानं खालच्या अंगाला बसायचं. वरच्या अंगाला चिखल खळबळला तर खालच्या सगळ्यांचं धुणं नासतं. बाळाचं आणि देवाचं वरच्या अंगाला. आणि दुसरीचा पिळा उचलावा लागला तर तिच्याच घमेल्यात ठेवायचा, दगडावर नाही."

मला ते इतकं पटलं की मी ते रात्री नवऱ्याला पुन्हा सांगितलं. नदीला वरचा अंग आणि खालचा अंग असतो, मशीनला तो वेळेत असतो. आधी बाळाचं आणि उजळ, मग रोजचं, आणि चिखलाचं सगळ्यात शेवटी.

चिखलाचं शेवटी का, ते दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. पुढच्या दाराचं मशीन पाणी सोडेना. काचेच्या मागे तांबडं पाणी थांबलेलं, दार उघडेना, आत कुणाचे तरी बूट गरगर फिरून थांबलेले. होय, बूट. दादांनी मशीनच्या खालचं छोटं झाकण उघडलं, पुढे वहिनींची जुनी परात सरकवली, आतली बारीक नळी ओढून बूच काढलं. तांबूस गढूळ पाणी परातीत भरू लागलं. दोनदा परात रिकामी केली. मग त्यांनी गोल जाळी फिरवून बाहेर काढली. तिच्यावर मेणासारखा चिकट चिखल, गवताच्या काड्या, बाजरीएवढे खडे, केसांची एक क्लिप आणि दोन रुपयांचं नाणं. दादांनी नाणं पुसून खिडकीत ठेवलं. ते आम्ही निघेपर्यंत तिथेच होतं. कुणी मागायला आलं नाही.

चिखल मशीनसाठी नाहीच. मोजे, पायजम्याचे काठ, पोरांच्या चड्ड्या आधी मोरीत नळाखाली धरायच्या, पाणी नितळ येईपर्यंत. दोन मिनिटांचं काम आहे. आणि जांभ्याच्या मातीत लोह असतं, त्यामुळे पांढऱ्या मोज्यांवर ब्लीच ओतू नका. ब्लीचने तो तांबूस डाग पक्का बसतो. एक काका बाटली उघडून उभेच होते, सासूबाईंनी हात धरून थांबवलं. नुसत्या पावसाने भिजलेल्या कपड्यांना तर धुण्याचीही गरज नसते. फक्त खळबळून पिळण्याचा छोटा प्रोग्रॅम लावा, पंधरा-वीस मिनिटांत मशीन मोकळं होतं. मी पहिल्या दिवशी दोन तास चाळीस मिनिटांचा प्रोग्रॅम लावला तेव्हा बाहेर चार घरं रांगेत आहेत हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

आता पुण्याहून आलेल्या एका मुलीबद्दल सांगते, कारण तिच्या बाजूने विचार केला तर तिचा राग अगदी रास्त होता. तिचा पांढरा कुर्ता आमच्या धुण्यानंतर मशीनमध्ये गेला आणि छातीवर लालभडक ठिपके घेऊन बाहेर आला. आमच्यात सासूबाईंचं लाल लुगडं होतं. ती आमच्या खोलीच्या दारात कुर्ता घेऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं. "काकू, तुमच्या साडीचा रंग लागला."

मी ठिपके बघितले आणि मला हायसं वाटलं. आमचा हळदीचा धंदा आहे, सांगलीच्या मार्केट यार्डात नवऱ्याची पेढी आहे, लग्न होऊन आल्यापासून माझे हात त्याच रंगात आहेत. तो लाल मी ओळखते. "काल रात्री आमटी सांडली होती का?" विचारलं. सांडली होती. मी तिला स्वयंपाकघरात नेलं, वहिनींकडून अर्धं लिंबू घेतलं आणि एका ठिपक्यावर पिळलं. बघता बघता लाल ठिपका कडेपासून पिवळा होत गेला आणि शेवटी नुसता हळदीचा डाग राहिला. ती बघतच राहिली. साबणाचा खार लागला की हळद लाल होते, आंबट लागलं की पुन्हा पिवळी. लुगड्याचा रंग असता तर लिंबाने असा पालटला नसता. पिवळा डाग उन्हात टाकला की उडतो. फक्त ऊन हवं, आणि कासला सप्टेंबरमध्ये ऊन मागून मिळत नाही. तिने माझी माफी मागितली. मी म्हटलं, बाळ, पांढऱ्याच्या आधी लाल कुणाचं गेलं तर शंका येणारच. तू दारात येऊन तोंडावर विचारलंस, ते बरं केलंस.

त्या रात्री मुलाने वहिनींकडून त्यांच्या धाकट्याची जुनी पाटी मागून घेतली, खडूने चार रकाने आखले आणि धुण्याच्या खोलीच्या दाराला अडकवली. खोली नंबर, लावलं किती वाजता, संपणार किती वाजता, फोन. एवढंच. फरक तासाभरात दिसला. संपायची वेळ लिहिली की माणूस फोनला गजर लावतो. उशीर झालाच तर दुसऱ्याला फोन करता येतो, दारं वाजवावी लागत नाहीत. आम्ही आपापसात ठरवलं: संपल्यावर दहा मिनिटं थांबायचं, एक फोन करायचा, नाही उचलला तर कपडे काढून त्याच्याच टोपल्यात ठेवायचे. टोपली दादांनी दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून आणली, सहा, प्रत्येक खोलीच्या नंबराची. सांगितल्यावर इतक्या लगेच ऐकणारा मालक मी कमी बघितला आहे.

दुसऱ्याचे कपडे हाताळण्याबद्दल बायकांच्या मनात संकोच असतो, तो मला क्षुल्लक वाटत नाही. परक्या पुरुषाने आपले आतले कपडे मशीनमधून काढावेत हे कुणालाच आवडत नाही. मी ते जाळीच्या पिशवीत घालते, पिशवी उचलली की काम झालं. दोरीवरही मागच्या रांगेत, वर टॉवेल. सासूबाईंचं लुगडं उशीच्या अभ्र्यात घालून तोंड नाडीने बांधलं. आठ मीटरचं वस्त्र मोकळं टाकलं तर ते सगळ्यांच्या बाह्यांना वेढे घालतं आणि सोडवायला अर्धा तास जातो, तोवर मागचा माणूस ताटकळत उभा.

दोऱ्यांबद्दल थोडक्यात. या हवेत कपडे उन्हाने नाही, वाऱ्याने वाळतात. दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा, पंखा बंद करू नका, आणि दुसऱ्याचे अर्धवट ओले कपडे एकीकडे सारून आपली जागा करू नका. सारलेले कपडे रात्रभरात कुबट वास धरतात. आमच्या मुलाच्या जीन्सला तिसऱ्या दिवशीही कंबरपट्ट्यात ओल होती. जीन्स नेऊच नका.

लाईट जाते. मध्येच गेली तर पुढच्या दाराचं मशीन आत पाणी घेऊन, दार बंद करून बसतं, आणि लाईट आल्यावर होतं तिथून पुढे चालतं. कडी ओढू नका. एकाने ओढली, दादांचा चेहरा उतरलेला मला दिसला. मशीन त्यांनी कर्ज काढून घेतलं आहे, हे वहिनींकडून कळलं.

शेवटच्या दिवशी अकरा वाजता ऊन पडलं. कुणी हाक मारली माहीत नाही, पण पाचही घरांतली माणसं दोऱ्यांच्या खोलीकडे धावली आणि पुढच्या दगडी गडग्यावर कपडे अंथरू लागली. मी पोचेपर्यंत बाळाचे वडील सासूबाईंचं लुगडं घेऊन बाहेर आले होते. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं पुण्याच्या मुलीच्या. दोघांनी ते ताणून, झटकून, गडग्यावर सरळ पसरलं. पदर वरच्या बाजूला ठेवला. सासूबाई पडवीतून बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आत जाऊन पिशवीतला भडंगाचा पुडा घेऊन आल्या आणि त्या मुलीच्या हातात दिला. तिचा कुर्ताही शेजारीच होता. दीडच्या सुमारास ढग आले तोवर पिवळा डाग नखाएवढा फिका उरला होता.

तर जायला हरकत नाही, मी पुन्हा जाणार आहे. दादा, पाटी काढू नका, आणि मोरीजवळ बूट धुवायला एक जुना ब्रश आणि दगड ठेवा. जाणाऱ्यांनी साबण आपला न्यावा, पण पुढच्या दाराच्या मशीनसाठी कमी फेसाची पावडर न्या. हाताने धुवायच्या पावडरीने फेस वरच्या कप्प्यातून बाहेर येतो आणि पुढच्याला दोनदा खळबळावं लागतं. खिसे तपासा. धुऊन झाल्यावर दार किलकिलं ठेवा, रबराला बुरशी धरते. आणि चिमटे घरून न्या, तिथे सहा दोऱ्यांना मिळून अठराच आहेत.